गुडघ्याचं अस्तर: काढायचं की राहू द्यायचं?

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पण ते वंगण येतं कुठून? सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी गुडघ्यात त्याचा सगळ्यात आतला थर जेमतेम एक ते चार पेशींचा. त्यातल्या काही पेशी सांध्यातला कचरा गिळतात, तर काही हायलुरॉनिक आम्ल आणि ल्युब्रिसिन नावाचं प्रथिन तयार करतात. रक्तातून झिरपलेल्या पाण्यात हे मिसळलं की वंगण तयार. तेही किती, तर निरोगी गुडघ्यात चमचाभरसुद्धा नाही. त्याचा थेंब दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार निघते. सुजलेल्या सांध्यातलं पाणी मात्र तार न धरता टपकन गळून पडतं.

झिजेच्या संधिवातात कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचे, बारीक कण या अस्तरात अडकतात. अस्तर लाल होतं, जाड होतं, शेवाळासारखे झुपके धरतं, आणि दाह वाढवणारी रसायनं सोडायला लागतं. त्यात वेदनेच्या नसा भरपूर, त्यामुळे दुखण्यातही त्याचा वाटा असतो. मग सांधेबदलासाठी गुडघा उघडलाच आहे तर हे सुजलेलं अस्तर खरवडून का टाकू नये? शिवाय अस्तर ज्या कूर्चेला पोसत होतं तीही आता राहिलेली नसते, तिच्या जागी धातू आणि प्लास्टिक आलेलं असतं. युक्तिवाद बिनतोड वाटतो. बरेच शल्यचिकित्सक अस्तर काढत आले ते याच विचाराने.

मात्र झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांचे दोन गट करून, एका गटात अस्तर काढून आणि दुसऱ्यात ठेवून तुलना झाली, तेव्हा पुढच्या काळात दुखणं, गुडघ्याचं वाकणं, चालणं यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. रक्त मात्र अस्तर काढलेल्यांचं जास्त गेलं. याचं नवल वाटायला नको. अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते सोलून काढलं की खाली मोठा ओला पृष्ठभाग उघडा पडतो आणि पाझरत राहतो. सत्तरीच्या, आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला हे रक्त महाग पडतं.

फायदा का दिसत नाही? मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की अस्तर मुळात चिडलेलं असतं ते झिजलेल्या हाडा-कूर्चेमुळे. ते कारणच काढून टाकलं की बहुतेकदा ते आपोआप शांत होतं. आणि काढलं तरी काही महिन्यांत खालच्या तंतुमय ऊतीतून नवं अस्तर धरतंच. शस्त्रक्रियेनंतर गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो, याने घरचे घाबरतात. अस्तर काढलेलं असो वा नसो, ही ऊब राहतेच. ताप, वाढती लाली किंवा जखमेतून पाझर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

याचा अर्थ अस्तराला हातच लावायचा नाही, असा नाही. मापं नीट घेता यावीत म्हणून मांडीच्या हाडाच्या पुढच्या भागावरचं थोडं काढावं लागतं. वाटीच्या वरच्या कडेजवळचंही अनेकदा काढतात, नाहीतर तिथे गाठ तयार होऊन गुडघा सरळ करताना ‘टक्’ असा आवाज येऊन अडकू शकतो. आमवातात अस्तर हेच आजाराचं घर असल्याने तिथे हिशोब वेगळा. बसवलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर जंतूंनी व्यापलेलं अस्तर कसोशीने काढावंच लागतं.

आणि क्वचित असंही होतं: शस्त्रक्रियेला महिने उलटून गेलेले, चालणं सुरळीत, आणि एके दिवशी गुडघा अचानक टम्म फुगतो. सुई घातली तर नुसतं रक्त. सुजलेल्या अस्तराची घडी धातू आणि प्लास्टिकच्या मध्ये चिमटलेली असते. हे वारंवार घडू लागलं तर बारीक नळी घालून तिथली रक्तवाहिनी बंद करतात, किंवा तेवढी घडी कापून काढतात.