लंगोट फुकट होते तेव्हा

डायपरच्या खर्चाचा विषय निघाला की घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, 'आमच्या वेळी लंगोटांना दमडी लागली नाही.' खोटं नाही ते. पण दमडी न लागण्यामागे दोन गोष्टी होत्या. जुनं सुती कापड घरातच पडलेलं असायचं आणि ते धुणाऱ्या हातांची मजुरी कोणी मोजत नव्हतं.

आधी कापडाचं बघू. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सूत. ते मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही धडके तुकडे जोडायचे, म्हणजे दांड घालायचा. दांड घातलेलंही फाटलं की त्याची दुपटी आणि लंगोट निघत. उरलेलं गोधडीत जाई आणि अगदीच चिंधी झाली की पोतेरं. धुऊन धुऊन खळ पार निघून गेलेलं हे कापड पाणी चटकन शोषतं, बाळाच्या मांड्यांना काचत नाही. कोऱ्या कापडाला हे जमत नाही. बाळाला पहिले कपडे वापरातलेच घालावेत या रिवाजात श्रद्धेइतकाच हा व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हा तर जुनेराला आणखीच मोल आलं असणार.

हा साठा आटला तो डायपरमुळे नव्हे, कृत्रिम धाग्याच्या साडीमुळे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुती कापड विणणाऱ्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला आणखी वाट मोकळी केली. धुवायला सोपी, पटकन वाळणारी, इस्त्री न मागणारी साडी बायकांनी उचलली, आणि का उचलू नये? फक्त ती फाटली तरी तिचा लंगोट होत नाही. पाणी शोषण्याऐवजी खाली सोडते. पुढे कित्येक घरांत लंगोट निघाले ते आजोबांच्या धोतराचे, कारण धोतर सुतीच राहिलं होतं.

आता हात. लंगोट ओला झाला की लगेच बदलायचा, म्हणजे दिवसरात्र बदलाबदल आणि बादलीभर धुणं. शी झाडून टाकायची, गार पाण्यात खळबळायचं, मग साबण, मग उकळतं पाणी. पावसाळ्यात शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायचे आणि धुराचा वास सहन करायचा. बाळंतिणीला या कामातून सुटका असे, म्हणून ते आजीच्या, आत्याच्या नाहीतर मोलकरणीच्या वाट्याला जाई. संख्या आटोक्यात ठेवायची एक युक्तीही होती. उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर बाळाला पसरलेल्या पायांवर बसवून तोंडाने 'शूऽऽ' करायचं. काही महिन्यांत बाळाला खूण कळे. ही युक्ती आजही फुकट आहे.

अमेरिकेत पँपर्स या डायपरची पहिली चाचणी विक्री 1961 मध्ये पिओरिया शहरात झाली आणि किंमत जास्त वाटल्याने लोकांनी पाठ फिरवली. भाव उतरवल्यावरच ते खपलं. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांचे डायपर नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून आले. सुरुवातीला प्रवासापुरते, लग्नकार्यापुरते. मग घरं विभक्त झाली, आई नोकरीला जाऊ लागली, नळाला तासभरच पाणी, आणि वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुट्या डायपरच्या लडी लटकू लागल्या.

ही लडच खरी मेख आहे. डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याला दीड हजार जातात. बटणांनी लहानमोठे होणारे, आत पॅड घालायचे नवे कापडी डायपर दोन वर्षांच्या हिशेबात यापेक्षा स्वस्त पडतात. मुंबईत 2016 मध्ये सुरू झालेल्या सुपरबॉटम्ससारख्या कंपन्या ते विकतात. पण एकेकाला काही शे रुपये आणि निदान डझनभर, एवढे पैसे एकदम काढायचे कुठून? हातावर पोट असलेल्या घराला रोजचे पन्नास परवडतात, एकदम पाच हजार परवडत नाहीत. 'कापडीच वापरा' असं सांगणारे हे सहसा विसरतात.

न मोजलेल्या हातांचं म्हणाल, तर ते डायपरमध्येही आहेतच, फक्त घराबाहेर गेले. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांना वापरलेले डायपर उघड्या हातांनी वेगळे करावे लागत, म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम त्यांना चालवावी लागली. वेष्टनासाठी पिशवी उत्पादकांनीच द्यावी, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं.

खिशाला झेपणारा मार्ग बहुतेक घरांनी आपापला काढलाच आहे: दिवसा लंगोट, रात्री आणि दवाखान्यात जाताना एक डायपर. लंगोटांना जुनी सुती चादर, पंचा किंवा धोतर चालतं. काहीच नसेल तर मलमल विकत आणून दोनतीनदा गरम पाण्यात धुवावी, खळ निघाल्याशिवाय ती शोषत नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मात्र घालू नये, त्याचा थर बसला की शोषण पुन्हा कमी होतं. आणि जावेकडे, नणंदेकडे बाळ मोठं झालं असेल, तर आधी तिथे विचारावं.