द कोड: पर्यटन कंपन्यांची आचारसंहिता

द कोड म्हणजे मुलांचं लैंगिक शोषण आणि त्यासाठी होणारी तस्करी थांबवायला पर्यटन धंद्यातल्या कंपन्यांनी स्वतःहून सही करायची आचारसंहिता. थायलंडमध्ये १९९० साली याच शोषणाविरुद्ध सुरू झालेल्या एकपॅट (ECPAT) चळवळीतून ती आली, स्वीडनच्या एकपॅटने याच विषयावरच्या १९९६च्या स्टॉकहोम परिषदेच्या सुमारास टूर कंपन्या आणि जागतिक पर्यटन संघटनेला सोबत घेऊन ती तयार केली. मुद्दा साधा होता, मुलांचं शोषण करणारा माणूस पोलिसांना दिसत नसला तरी तो तिकीट काढतो, टॅक्सी करतो, रूम घेतो, म्हणजे वाटेत चार कंपन्यांची माणसं त्याला बघतातच, मग त्यांनी नुसतं बिल फाडायचं का?

सही केली की सहा गोष्टी कराव्या लागतात: पॉलिसी, स्टाफचं ट्रेनिंग, सप्लायरच्या करारात तसं कलम, प्रवाशांना माहिती, इतरांशी मिळून काम आणि दरवर्षी रिपोर्ट. यातलं ट्रेनिंग हेच खरं काम, बाकी बराचसा कागद. कारण रात्री दीड वाजता काउंटरवर मॅनेजर नसतो, नाइट ड्युटीचा पोरगा असतो. समोरचा माणूस एकच आधार कार्ड पुढे करतो, कॅश देतो, सोबतच्या मुलीबद्दल विचारलं तर "भाची आहे" म्हणतो आणि तिला काही विचारलं की उत्तर तोच देतो. मग दोन दिवस दारावर डू नॉट डिस्टर्बची पाटी, हाऊसकीपिंगला आत घेत नाही. या पोराला १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलिसांची मदत) लावायचं माहीत असलं पाहिजे, आणि फोन केला म्हणून नोकरी जाणार नाही याची खात्रीही.

कंपन्या सहजासहजी आल्या नाहीत. मोठ्या अमेरिकन हॉटेल कंपन्यांमध्ये कार्लसनने २००४ मध्ये पहिली सही केली, हिल्टनने २०११ मध्ये, तेही ऑनलाइन सह्यांची मोहीम झाल्यावर, त्याच वर्षी डेल्टा ही सही करणारी पहिली विमान कंपनी ठरली.

आपल्याकडे गोव्याने हे आधी भोगलं. मडगावात अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स मुलांच्या लैंगिक शोषणासाठी १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि २००३च्या गोवा बाल कायद्यात हॉटेलवाल्यावर थेट जबाबदारी आली, घरच्या किंवा नात्यातल्या माणसासोबत नोंद नसलेल्या मुलाला रूममध्ये सोडायचं नाही. फोटो धुणाऱ्या स्टुडिओलासुद्धा मुलांचे अश्लील फोटो दिसले तर पोलिसांना कळवायचं बंधन घातलं, तेव्हा रोल धुवायला टाकायचे ना लोक!

दबावाची दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत कुक काउंटीच्या शेरीफने पत्रं लिहिल्यावर व्हिसा, मास्टरकार्डने बॅकपेज या, देहविक्रीच्या जाहिरातीही छापणाऱ्या साइटचे पेमेंट बंद केले, पण सरकारी अधिकाऱ्याने असं धमकावणं चालणार नाही असं अपील कोर्टाने त्याच वर्षी सुनावलं. शिवाय अशा बंदीत स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणाऱ्या प्रौढ बायकांचंही उत्पन्न जातं. अशा बायकांसोबत काम करणाऱ्या सांगलीच्या संग्राम आणि वॅम्प या संघटना तस्करी आणि देहविक्रीचा धंदा एकाच मापाने मोजू नका असं कितीतरी वर्षं सांगतायत, आणि एकटी बाई चेक-इनला आली की संशय, असलं ट्रेनिंग तर कुठेच नको.

द कोड ऐच्छिक आहे, मोडला तर दंड नाही. पण भारतात मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलाच्या शोषणाचं साहित्य किंवा वस्तू दिसली की हॉटेल, लॉजच्या स्टाफने कळवायलाच हवं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एसटी स्टँडसमोरच्या लॉजवाल्याने द कोडचं नाव ऐकलेलं नसलं तरी हे कलम त्याला लागू आहेच.