पिढ्या मोजून काढलेली तारीख

हवाई बेटांवर लिपी नव्हती, पण तिथल्या सरदार घराण्यांना आपली वंशावळ मुखोद्गत असे. ही नुसती हौस नव्हती. जमीन, मान, लग्नसंबंध सगळं तिच्यावर ठरे. उमी हा राजा लिलोआचा मुलगा, पण आई सामान्य घरातली. सत्ता हाती आल्यावर त्यानं आपल्या सावत्र बहिणीशी लग्न केलं, म्हणजे पुढच्या पिढीच्या कुळाला बोट लावायला जागा उरली नाही.

मागे जाल तसे पूर्वज देव होत जातात. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, आणि पुरलं तिथून अळू उगवला. पाठचा हालोआ हा माणसांचा मूळपुरुष. म्हणजे अळू थोरला भाऊ! (आपल्या फदफद्यातलाच हा अळू, तिकडे भर कंदावर.) ‘कुमुलिपो’ या दोन हजारांवर ओळींच्या सृष्टिगीतात तर वंश थेट प्रवाळापासून सुरू होतो. राजा कालाकाउआनं १८८९ साली ते छापून घेतलं. तो वारसाहक्कानं नव्हे, निवडून गादीवर आलेला होता, तेव्हा त्यामागचा हेतू उघड आहे.

एकोणिसाव्या शतकात न्यायाधीश अब्राहम फोर्नांडर यांनी याच याद्यांचं घड्याळ केलं. पिढीला तीस वर्षं धरून त्यांनी हवाईतली पहिली वस्ती पाचव्या-सहाव्या शतकात नेली. गोची त्या तिसातच आहे. सरदारांना मुलं लवकर होत. वीस वर्षं धरली तर तीस पिढ्यांत तीनशे वर्षांचा फरक पडतो. पुढे कार्बन कालमापनही आधी फसलं, कारण जुनाट झाडाच्या कोळशाचं वय चुलीच्या वयापेक्षा जास्त निघतं. बिया, काटक्या अशा अल्पायुषी नमुन्यांवर भर देऊन पूर्व पॉलिनेशियातल्या (म्हणजे हवाई ज्यात येतं त्या प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या) १,४३४ तारखा २०११ साली तपासल्या गेल्या, तेव्हा हवाईतली वस्ती साधारण १२१९ ते १२६६ दरम्यानची ठरली.

आता उलटं मोजा. अठराव्या शतकाच्या मध्यात जन्मलेल्या, हवाई बेटं एका छत्राखाली आणणाऱ्या राजा कामेहामेहापासून वीस वर्षांच्या हिशेबानं पंचवीसेक पिढ्या मागे गेलं की हवाईची जमीनच संपते. त्याआधीची नावं एक तर पुराणातली, नाहीतर दक्षिणेकडच्या बेटांवरची. वंशावळीत उलू नावाच्या पूर्वजाच्या शाखेत येणारा पुराणपुरुष माउई न्यूझीलंडच्या माओरींच्या कथांतही भेटतो, तो त्यामुळेच: दोघांचेही पूर्वज मध्य पॉलिनेशियातून निघाले, तेव्हा तो आधीच त्यांच्या तोंडी होता.