ट्यूना पाळता येतो, पण पोसायचा कसा?

ब्लूफिन ट्यूना पाळता येतो का, याचं उत्तर जपानच्या किंदाई विद्यापीठाने २००२ मध्ये दिलं. तिथेच जन्मलेल्या माशांनी वयात येऊन अंडी घातली आणि त्यांतून पिल्लं निघाली. काम सुरू झालं होतं १९७० मध्ये. १९७९ ला पिंजऱ्यातल्या माशांनी प्रथम अंडी दिली, पण १९८३ नंतर तब्बल अकरा वर्षं एक अंडं नाही!

अंडी मिळाली तरी खरी कसरत पुढेच. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पिल्लू ३ मिलिमीटरचं. पहिले काही दिवस पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून मरतात; पृष्ठताणातून सुटण्याइतकी ताकदच त्यांच्यात नसते. म्हणून टाकीत पाण्यावर तेलाचा पातळ थर देतात. पण पोटातली हवेची पिशवी भरायला पिल्लाला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, तेव्हा तोच तेलकट थर आड येतो. तो वेळेवर काढला नाही तर पिशवी रिकामीच राहते. मग रात्री पोहणं मंदावलं की पिल्लू बुडतं आणि तळाला लागून मरतं. त्यासाठी रात्री तळातून जास्त हवा सोडून पाणी वर खेळतं ठेवतात.

यातून वाचलेली पिल्लं एकमेकांना खाऊ लागतात. मोठी-लहान वेगळी करावीत, तर कातडी इतकी नाजूक की हाताळतानाच काही दगावतात. महिन्याभराने नवं संकट: शेपटीत जोर आधी येतो, वळायला लागणारे छातीचे पर मागून वाढतात. दचकलेलं पिल्लू सरळ भिंतीवर किंवा जाळीवर आदळतं आणि कणा मोडतो. अंधारात अचानक पडलेला गाडीच्या दिव्याचा झोतही त्याला पुरतो. म्हणून रात्रभर दिवे चालू ठेवतात.

इतका खटाटोप नको म्हणून ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनला दुसरी वाट धरली आहे. समुद्रात पर्स सीन जाळ्याने (थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं) दक्षिणी ब्लूफिन पकडायचे, तरंगत्या पिंजऱ्यात घालून ताशी एक-दोन किलोमीटरच्या वेगाने किनाऱ्याजवळ ओढत आणायचे आणि काही महिने तारलीवर पोसायचे. याला शेती म्हणणं जरा धाडसाचंच. पिल्लं तर समुद्राचीच.

दोन्ही वाटा शेवटी खाद्यापाशी अडतात. ट्यूनाचं वजन १ किलोने वाढवायला साधारण १० ते १५ किलो तारली-बांगड्यासारखे मासे लागतात. सॅमनला सव्वा किलोच्या आसपास गोळीखाद्य पुरतं. गोळ्या कोरड्या आणि तारलीत दोन तृतीयांशाहून जास्त पाणी, म्हणून आकडे थेट ताडू नयेत. पण पाणी वजा केलं तरी ट्यूना तिप्पट खातो. कारण तो थांबूच शकत नाही: तोंड उघडं ठेवून पुढे पोहला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं. शिवाय तो स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम ठेवतो, त्यातही खाद्य जळतं.

मोठा सागरी मासा पाळायचाच तर कोबिया जास्त व्यवहार्य वाटतो. तो गोळीखाद्यावर वाढतो आणि वर्षात पाच-सहा किलोचा होऊ शकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या मंडपमला २०१० मध्ये त्याचं प्रजनन साधलं आहे.