भूखंडावर आरक्षण असल्यास जादा चटई क्षेत्राचा हिशेब
मुंबई उपनगरांतील भूखंडमालक व गृहनिर्माण संस्थांसाठी माहितीपत्रक

आपल्या भूखंडावर शाळा, दवाखाना किंवा उद्यानाचे आरक्षण आहे, असे डीपी रिमार्कवरून (विकास आराखड्यात भूखंडाची काय नोंद आहे हे सांगणाऱ्या महापालिकेच्या दाखल्यावरून) कळताच जमीन हातची गेली असा पुष्कळ मालकांचा समज होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार मात्र रोख रकमेऐवजी चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजेच एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), किंवा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजेच टीडीआर (दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), या रूपानेही मोबदला घेता येतो. मुंबईपुरते त्याचे तपशील २०१८ साली लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहेत.

पहिला मार्ग समावेशक आरक्षणाचा आहे. त्यात मालक स्वखर्चाने दवाखान्यासारखी सुविधा बांधून, तिच्या वाट्याच्या जमिनीसह, महापालिकेला विनामूल्य देतो. सुविधेचे बांधकाम एफएसआयमध्ये मोजले जात नाही आणि उरलेल्या जागेवर त्याला स्वतःची इमारत उभारता येते. कागदावर हा व्यवहार आकर्षक दिसतो. परंतु सुविधा ताब्यात दिल्याशिवाय मालकाच्या इमारतीला पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळत नाही, त्यामुळे भांडवल किती काळ अडकून राहील याचा अंदाज आधीच बांधलेला बरा.

दुसरा मार्ग जमीन सोपवून टीडीआर घेण्याचा आहे, आणि खरी गफलत होते ती इथेच. उपनगरांत दिलेल्या जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे ५०० चौरस मीटर जमिनीचे विकास हक्क प्रमाणपत्र १,००० चौरस मीटरचे असते. तो आकडा मात्र जसाच्या तसा कुठेही वापरता येत नाही. टीडीआर निघाला तिथल्या जमिनीच्या रेडी रेकनर दराला (सरकारने ठरवलेल्या वार्षिक दराला) तो वापरायच्या ठिकाणच्या, त्याच वर्षीच्या दराने भागून येणाऱ्या गुणोत्तराने तो गुणला जातो. वापराच्या जागेचा दर दुप्पट असेल तर १,००० चे ५०० होतात. निम्मा असेल तर २,००० होतात. १९९१ च्या मूळ नियमावलीत हे गुणोत्तर नव्हते. तिथे टीडीआर उगमाच्याच वॉर्डात किंवा उगमाच्या उत्तरेकडे वापरायचा आणि मुख्य शहरात मुळीच नाही, असा ढोबळ दंडक होता. आजचे सूत्र किचकट असले तरी आमच्या मते ते अधिक न्याय्य आहे.

टीडीआर विकत घेऊन पुनर्विकास करू पाहणाऱ्या संस्थांनी प्रथम आपल्या रस्त्याची रुंदी पाहावी. उपनगरांत मूळ निर्देशांक १ आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर सर्वसाधारणपणे टीडीआर वापरता येत नाही, तर २७ मीटर व त्याहून रुंद रस्त्यावर अधिमूल्य (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) व टीडीआर मिळून निर्देशांक २.५ पर्यंत जातो.

आमच्या कार्यालयात येताना मालमत्ता पत्रक, डीपी रिमार्क आणि असल्यास जुना मंजूर नकाशा आणावा. या तीन कागदांवरून दोन्ही मार्गांचा प्राथमिक हिशेब त्याच बैठकीत करून देता येतो.