छातीतली कळ, चिनी मुळी आणि नेहमीच्या गोळ्या

चीनमध्ये अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येण्याच्या, रुग्णाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर दोन परंपरांची औषधं एकाखाली एक लिहिलेली असणं ही रोजची गोष्ट आहे. वर ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर ही हृदयविकाराची नेहमीची औषधं. खाली दानशेनच्या बारीक गोळ्या. दानशेन म्हणजे तुळशीच्याच कुळातल्या एका वनस्पतीचं लालसर मूळ. तिकडे कोणी कोणाला ‘ॲलोपॅथी की आमचं?’ असं विचारत नाही, दोन्ही सोबत चालतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच: नेहमीच्या उपचारात ही भर घातल्याने रुग्णाला नेमकं काय मिळतं?

स्थिर अंजायनात दुखणं ठरलेलं असतं. दोन जिने चढले, चढावर भरभर चाललं की छाती आवळते. थांबलं किंवा जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की काही मिनिटांत ओसरते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असतात, आणि श्रमाच्या वेळी मागणी वाढते तेवढा पुरवठा होत नाही. उपचाराला इथे दोन कामं करायची असतात. कळ कमी करायची आणि हार्ट अटॅक टाळायचा. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि औषधाच्या जाहिरातीत ती सर्रास एकत्र केली जातात.

कळ कमी झाली की नाही, हे मोजणं फार अवघड. 1950च्या दशकात अमेरिकेत अंजायनावर एक शस्त्रक्रिया निघाली होती. छातीच्या भिंतीच्या आतून जाणारी एक धमनी बांधून टाकायची, म्हणजे हृदयाकडे जास्त रक्त वळेल, अशी कल्पना. रुग्णांना खरोखर बरं वाटत होतं. 1959 मध्ये सिएटलच्या लिओनार्ड कॉब यांनी 17 रुग्णांवर चाचणी केली. काहींची धमनी बांधली, काहींना नुसता कातडीला छेद दिला. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं, आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या ऑर्बिटा चाचणीत हीच कसोटी स्टेंटला, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीला, लावली गेली. औषधं नीट सुरू असलेल्या रुग्णांपैकी काहींना स्टेंट बसवला, काहींवर नुसता देखावा केला. ट्रेडमिलवरच्या वेळेत फरक पडला फक्त 16.6 सेकंदांचा, तोही योगायोगाने येऊ शकेल इतका. पण 2023 मध्ये, अंजायनाची औषधं थांबवलेल्या 301 रुग्णांवर पुन्हा तशीच चाचणी झाली, तेव्हा स्टेंट देखाव्यापेक्षा सरस ठरला. म्हणजे ही पद्धत उपचारांना खोटं पाडण्यासाठी नसते. खरा गुण असेल तर तो याच चाळणीतून वर येतो.

चिनी औषधांच्या बहुतेक चाचण्या ही चाळणी लावतच नाहीत. एका गटाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा उपचार आणि वर वनौषधी. बिनऔषधाची हुबेहूब गोळी, म्हणजे प्लासिबो, कोणालाच नाही. आपल्याला जास्तीचं काही मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक, डॉक्टरलाही. आणि मोजायचं काय, तर आठवड्यातून किती वेळा दुखलं! अशा रचनेत भर घातलेली बाजू जवळपास नेहमीच जिंकते. सुशाओ जिउशिन या जिभेखाली ठेवायच्या गोळीवरच्या 15 चाचण्या, 1776 रुग्ण, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये तपासल्या. गोळी गुणकारी दिसते, पण चाचण्यांचा दर्जा इतका कमी की खात्री देता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो अगदी योग्य वाटतो.

म्हणूनच ज्यांनी कष्ट घेऊन प्लासिबो वापरला, त्यांच्याकडे बारकाईने बघावं. शेशियांग बाओशिन ही गोळी कस्तुरी, जिनसेंग, गोरोचन, दालचिनी, शिलारस, कापरासारखं बोर्निऑल आणि एका जातीच्या बेडकाच्या ग्रंथींचा स्राव यांची बनते. स्थिर हृदयविकाराच्या 2673 रुग्णांना, चीनमधल्या 97 रुग्णालयांत, दोन वर्षं ही गोळी किंवा तिच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. नेहमीची औषधं सगळ्यांचीच चालू. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा घटना औषधाच्या गटात 1.9 टक्के, निष्क्रिय गोळीच्या गटात 2.6 टक्के. ऐकायला चांगलं वाटतं, पण घटनाच इतक्या थोड्या होत्या की हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. अंजायनाच्या त्रासात मात्र दीड वर्षानंतर फरक दिसला. 2021 मध्ये छापलेल्या या निकालाचा मी लावलेला अर्थ असा: कळेवर काही गुण असू शकतो, जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही.

दानशेन, सानची नावाची जिनसेंगच्या कुळातली मुळी आणि बोर्निऑल यांची गोळी तिआनजिनच्या तासली कंपनीने थेट अमेरिकेच्या औषध नियामकापुढे नेली. अनेक देशांत तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, ट्रेडमिलवरचा वेळ मोजला गेला. तेवढ्यावर मंजुरी मिळाली नाही, आणखी चाचणी हाती घ्यावी लागली. मला या वाटेबद्दल आदर आहे. परंपरेचा दाखला देऊन सूट न मागता परीक्षेला बसण्याची ही तयारी आहे.

आपल्याकडे याच जागी अर्जुनाची साल येते. स्थिर अंजायनाच्या 58 पुरुषांवर तिची प्लासिबोसह चाचणी इंदूरला झाली, 2002 मध्ये छापून आली, आणि निकाल आशादायक होता. पण 58 ही संख्या कळेबद्दल काही सांगू शकते, हार्ट अटॅकबद्दल नाही.  

जोडीला घेतलेलं औषध दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करू शकतं, ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी दानशेन सुरू केल्यावर रक्त धोकादायक पातळीपर्यंत पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. बेडकाच्या त्या स्रावातली द्रव्यं डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखीच काम करतात आणि डिगॉक्सिनची रक्तचाचणीही फसवू शकतात. ‘नैसर्गिक’ या शब्दाने निर्धास्त व्हायला नको. चीनमधल्याच ग्वानशिन सूहे या हृदयाच्या जुन्या गोळीत मूत्रपिंड निकामी करणाऱ्या ॲरिस्टोलोकिक आम्लाची मुळी होती. ती 2004 मध्ये बदलायला लावली गेली.

म्हणून काढा, चूर्ण, ऑनलाइन मागवलेली गोळी, जे काही चालू असेल त्याचं पाकीटच कार्डिओलॉजिस्टला दाखवावं. वॉरफॅरिन चालू असेल तर काहीही नवं सुरू करण्याआधी विचारावं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, लवकर तपासून घ्यावा. कळ जर बसल्या जागी येऊ लागली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली किंवा थांबूनही ओसरेना, तर ती स्थिर अंजायना राहिलेली नसते. तेव्हा कोणत्याही मुळीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.