ऊस वर्षाचा, दूध दहा दिवसांचे

पन्नास म्हशींचा गोठा घालायचा म्हटले की पहिला प्रश्न भांडवलाचा निघतो. कोल्हापुरात आधी विचारायला हवे ते वैरणीचे. कारण इथला दूधधंदा वाढला तो उसाच्या आधाराने.

शहरातली दुधाची आवड त्याहून जुनी. पैलवानांच्या या गावात गवळी पंढरपुरी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढत, आजही काढतात. खेड्यांत मात्र दूध घरापुरतेच होते. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, पुढे भोगावतीचे पाणी शिवारात आले आणि ऊस पसरला. आडसाली ऊस तुटायला १५ ते १८ महिने लागतात. तोवर किराणा, शाळेची फी, औषधपाणी उधारीवर. ही अडचण दुधाने सोडवली. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला 'गोकुळ', स्थापन झाला. वारणेचा संघही त्याच दशकातला. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालायचे आणि दर दहा दिवसांनी बिल उचलायचे, अशी घडी बसली.

दर फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर, ठरू लागला, म्हणून विश्वास टिकला. ब्युटिरोमीटरच्या, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या, नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. मग बूच लावून, हलवून नळी यंत्रात फिरवायची आणि वर आलेल्या फॅटची रेघ वाचायची. कॅनमधले दूध न ढवळता नमुना घेतला, तर वरची साय आली की फॅट जास्त आणि तळाचे दूध आले की कमी. गावोगावची भांडणे बहुतेक इथेच सुरू होत.

हंगामात उसाचे वाढे, म्हणजे तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा, फुकट किंवा स्वस्तात मिळे, त्यावर दोन म्हशी सहज निघत. पण वाढ्यातले ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम अडवते. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली म्हैस दूध कमी देते, पुढे गाभण राहायलाही त्रास देते. म्हणून कुट्टीवर, म्हणजे बारीक कापलेल्या वैरणीवर, चुन्याची निवळी शिंपडायची, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यायचे आणि सोबत मका किंवा लसूणघास ठेवायचा.

मोठ्या गोठ्यात हे गणित बदलते. एका म्हशीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवी वैरण धरली, तर ५० म्हशींना रोज एक ते सव्वा टन लागते. वाढ्याचा हंगाम संपला की सगळी वैरण विकत. मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण, आधीच भरून ठेवला नसेल, तर उन्हाळ्यात बिलाचा मोठा वाटा वैरणीतच जातो.

दुसरी गळती माजाची, म्हणजे म्हैस फळवायची वेळ चुकण्याची, आणि ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. म्हशीचा माज मुका असतो, बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. घरच्या दोन म्हशी सांभाळणारी बाई सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) पाहून, म्हैस वैरणीवरून तोंड काढते हे पाहून ओळखते. पन्नासांत ते मजुराच्या नजरेतून सुटते. एक माज चुकला की पुढचा २१ दिवसांनी; तेवढे दिवस भाकड म्हैस पेंड खात उभी राहते.